संकेतस्थळावर आलेला वाचक आकड्यांत किती दिसतो?

डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक नवा वाघ दाखल झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा नर वन विभागाच्या नोंदीत टी१सी१ या नावाने होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. त्यामुळे तो महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या जंगला-शेतांतून एकूण सुमारे ३००० किलोमीटर कसा फिरला, हे उपग्रहामार्फत कळत राहिले. एकच वाघ, त्याचा पूर्ण रस्ता आणि प्रत्येक मुक्काम.

स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्याला पुष्कळदा वाटते, की वाचकांची मोजणी म्हणजे असाच माग. पडद्यावर नकाशा असतो, शहरांची नावे असतात, मिनिटे-सेकंद असतात, मग वाचक आपल्याला दिसतोच आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाती कॉलर नसते. पाणवठ्याकाठच्या ओल्या मातीतले ठसे असतात. ठशावरून पुष्कळ कळते, पण ते वाचता यावे लागतात, आणि काही ठसे वाघाचे नसतातच.

समजण्यासाठी एक उदाहरण धरू. समजा, चिखलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. लोणारचे सरोवर, सिंदखेडराजाचा राजवाडा, शेगावची वारी, पीकपाण्याचे भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी, पूर्णाकाठची शेती अशा विषयांवर त्या मराठीत लिहितात. आपण त्यांना बाई म्हणू. रोज सकाळी बाई आकडे उघडतात. त्यांना काय कळते?

पान उघडते तेव्हा काय लिहिले जाते

वाचकाने दुव्यावर बोट ठेवले, की त्याचा मोबाइल बाईंच्या संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे पान मागतो. सर्व्हर पान पाठवतो आणि आपल्या वहीत एक ओळ लिहितो. त्या ओळीत साधारण इतके असते: मागणी कुठल्या आयपी पत्त्यावरून आली, किती वाजता आली, कुठले पान मागितले, ते मिळाले की नाही, वाचक आधी कुठल्या पानावर होता, आणि त्याचा ब्राउझर कुठला. नाव नसते, मोबाइल क्रमांक नसतो, ईमेल नसतो.

या ओळीतलाही तपशील अलीकडे कमी होत चालला आहे. पूर्वी अँड्रॉइडवरच्या क्रोमची नोंद पाहून फोनचे मॉडेल कळायचे. २०२३ पासून क्रोम सर्व्हरच्या वहीत बहुतेक सगळ्या फोनांची ओळख एकसारखीच लिहितो. वाचकाकडे जुना साधा फोन आहे की नवा महागडा, हे बाईंना आता त्या ओळीवरून सांगता येणार नाही. माझ्या मते हे चांगलेच झाले.

मोजणीची दुसरी पद्धत म्हणजे पानातच मोजणारा छोटा प्रोग्रॅम ठेवायचा. गूगल ॲनालिटिक्स हे त्यातले सर्वांत परिचित नाव. अर्चिन नावाची एक अमेरिकन कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिची मोजणी सगळ्यांना फुकट खुली केली. तोवर या मोजणीसाठी पैसे मोजावे लागत होते. गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणे थांबवले आणि पुढच्या वर्षी जुने आकडेही काढून टाकले. ज्यांनी ते वेळेत उतरवून घेतले नाहीत, त्यांची वर्षानुवर्षांची नोंद गेली. दुसऱ्याच्या घरात ठेवलेली वही आपली नसते, हे तेव्हा अनेकांना कळले.

एक माणूस की एक मोबाइल?

पहिल्या भेटीत हा प्रोग्रॅम वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवतो. कुकीत एक आकडा असतो. त्याच ब्राउझरमधून पुन्हा भेट झाली, की तो आकडा पाहून "हा आधी येऊन गेलेला" असे धरले जाते. म्हणजे मोजले जातात ते ब्राउझर. माणूस मोजलाच जात नाही.

याचा परिणाम खेड्यात आणि शहरात उलटसुलट होतो. देऊळगावराजाजवळच्या एखाद्या घरात एकच चांगला फोन असेल, त्यावर मुलगी अभ्यासाला जिजाऊंवरचा लेख वाचते, वडील घटमांडणीचे पान पाहतात, आणि संध्याकाळी आजीला कुणीतरी गजानन महाराजांवरचे लिखाण वाचून दाखवते. मोजणीत हा एक वाचक. उलट पुण्यात नोकरी करणारा मेहकरचा एखादा तरुण सकाळी फोनवर, दुपारी कचेरीतल्या संगणकावर आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर तेच पान उघडतो. मोजणीत हे तीन वाचक. आयफोनच्या सफारीत अशा कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणलेले आहे, म्हणून दहा दिवसांनी परत आलेला जुना वाचकही नवा म्हणून नोंदला जाऊ शकतो.

"नवे वाचक" आणि "परतलेले वाचक" हे दोन आकडे म्हणूनच सैल हाताने धरावेत. त्यांवरून आपल्या लिखाणाची लायकी ठरवू नये.

नकाशावर बुलढाणा का दिसत नाही

बाईंना सर्वांत जास्त फसवणारा भाग नकाशाचा. त्या लिहितात संग्रामपूर-जळगाव जामोदच्या शेतकऱ्यांसाठी, आणि नकाशावर दिसतात मुंबई, पुणे, नागपूर. बाईंना वाटते, आपल्या माणसांपर्यंत आपण पोचलोच नाही.

कारण तांत्रिक आहे. शहर ओळखले जाते ते आयपी पत्त्यावरून, आणि मोबाइल कंपनीचा पत्ता गावातल्या टॉवरचा नसतो. गावातला डेटा कंपनीच्या जाळ्यातून एखाद्या मोठ्या शहरातल्या केंद्रात जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. बाहेरच्या जगाला ते केंद्रच दिसते. शिवाय जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि जगातली उपकरणे त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे कंपन्या एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. वरवट बकालचा एक वाचक आणि नांदुऱ्याचा दुसरा एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात, आणि तो पत्ता मुंबईचा म्हणून नोंदलेला असू शकतो.

ही चूक सगळ्या दिशांनी सारखी नाही, म्हणून ती मला गंभीर वाटते. मुंबईतला वाचक बुलढाण्याचा म्हणून क्वचितच नोंदला जातो. बुलढाण्याचा वाचक मुंबईचा म्हणून सहज नोंदला जातो. आकड्यांत खेडे शहरात विरघळते. बाईंनी नकाशा खरा मानला, तर त्या हळूहळू शहरी वाचकासाठी लिहू लागतील, भाषा बदलतील, पीकविम्याऐवजी पर्यटनावर लिहितील, आणि ज्यांच्यासाठी सुरुवात केली त्यांनाच सोडून देतील. देशाचे नाव बहुधा बरोबर असते, राज्य पुष्कळदा, शहर मात्र विश्वास ठेवण्याजोगे नसते.

व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक

वाचक कुठल्या पानावरून आला, हे कळायचे तर ब्राउझरने ते सांगावे लागते. गूगलमधून किंवा दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्याचे मूळ कळते. २०२० पासून क्रोम त्या दुसऱ्या संकेतस्थळाचे फक्त नाव सांगतो, नेमके पान सांगत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला दुवा दाबून कुणी आले, तर बहुतेक वेळा काहीच सांगितले जात नाही आणि ती भेट "थेट आलेले" या रकान्यात पडते. आपल्याकडे लिखाण फिरते ते गावच्या, भावकीच्या, बचत गटाच्या, माजी विद्यार्थ्यांच्या गटांवर. म्हणून मराठी संकेतस्थळाचा "थेट" रकाना फुगलेला दिसला, की लोक पत्ता पाठ करून येतात असे समजू नये. तो बराचसा गटांवरचा वाचक असतो.

सर्व्हरच्या वहीत एक बारीक खूण मात्र सापडते. कुणी दुवा गटात टाकायला घेतला, की छोटे चित्र आणि शीर्षक दाखवण्यासाठी त्याचा व्हॉट्सॲपच ते पान मागवतो आणि वहीत ब्राउझरच्या जागी "व्हॉट्सॲप" असे नाव उमटते. म्हणजे कुणीतरी हे पान पुढे पाठवायला घेतले, एवढे बाईंना कळते. कुणाला, किती जणांना, कुठल्या गटात, हे कळत नाही.

आणि ज्याने दुव्याऐवजी सगळा मजकूरच उचलून गटात चिकटवला, त्याच्या वाचकांची एकही ओळ कुठे उमटत नाही. बाईंचा सर्वांत गाजलेला लेख आकड्यांत शेवटच्या क्रमांकावर असू शकतो.

शोधाचे शब्द हीच खरी पत्रे

सगळ्या आकड्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती शोधशब्दांची यादी. पूर्वी वाचकाने गूगलमध्ये काय लिहिले, हे थेट कळायचे. २०११ ते २०१३ च्या दरम्यान गूगलने शोध सुरक्षित जोडणीवर नेला आणि ते शब्द संकेतस्थळांना मिळेनासे झाले. आता ते सर्च कन्सोल या गूगलच्याच फुकट साधनात एकत्रित रूपात मिळतात: कुठल्या शब्दांवर आपले पान दिसले, ते किती वेळा दाबले गेले, सरासरी कितव्या जागी होते. कुणी शोधले हे कळत नाही. फार थोड्यांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी झाकलेले असतात. मागचे १६ महिनेच दिसतात, म्हणून यादी दर महिन्याला उतरवून ठेवावी.

या यादीतून बाईंना पहिली गोष्ट कळेल ती स्वतःच्या जिल्ह्याच्या नावाची. कुणी बुलढाणा लिहितो, कुणी बुलडाणा. रोमन लिपीतही दोन-तीन प्रकार. शेगाव आणि शेगांव, मेहकर आणि मेहेकर, लोणार आणि हिंदी वळणाने लोनार. वाचक आपापल्या शाळेत शिकलेले, पाटीवर पाहिलेले किंवा फोनच्या कीबोर्डने पुढे केलेले रूप लिहितो. बाईंनी शुद्धलेखनासाठी एकच रूप धरले तरी लेखात एकदा दुसऱ्या प्रचलित रूपाचा उल्लेख करणे योग्य. त्यात वाचकाला दार सापडण्याची सोय आहे. मराठीत लिहिलेले पान लोक रोमन अक्षरांत शोधतात, हेही तिथेच दिसेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शोधशब्द हे पुष्कळदा प्रश्न असतात. लोणारच्या पानावर "सरोवरात उतरता येते का", "बसने कसे जायचे" असे प्रश्न घेऊन लोक येत असतील आणि बाईंच्या लेखात त्याचे उत्तर नसेल, तर वाचक रिकाम्या हाताने परत गेला. हे कुठलाही नकाशा सांगणार नाही. ही यादी पत्रांसारखी वाचावी आणि तिला उत्तर द्यावे.

आलेख आणि पंचांग

बुलढाण्यावर लिहिणाऱ्याचा आलेख वर्षभर सारखा राहूच शकत नाही. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती. सिंदखेडराजाला गर्दी, आणि त्या आधीच्या दिवसांत भाषणासाठी माहिती शोधणारी मुले. ही तारीख ठरलेली. पण बाकीचे मोठे दिवस तिथीचे. गजानन महाराजांचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला. २०२४ मध्ये तो ३ मार्चला आला, २०२५ मध्ये २० फेब्रुवारीला. भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी होते आणि पीकपाण्याचे भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितले जाते. २०२३ मध्ये भाकिताचा दिवस २३ एप्रिल होता, २०२४ मध्ये ११ मे, २०२५ मध्ये १ मे.

मोजणीची साधने इंग्रजी महिन्यांची तुलना करतात. एप्रिल २०२३ शेजारी एप्रिल २०२४ ठेवला, तर वाचक पळाले असे दिसेल. ते पळालेले नसतात, अक्षय्य तृतीयाच मे महिन्यात गेलेली असते. मराठी लेखकाने आलेखाशेजारी कालनिर्णय ठेवलेच पाहिजे.

काही उसळ्यांना पंचांगही लागत नाही. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर त्याची चर्चा झाली. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, हे नंतर तपासणीतून पुढे आले. अशा दिवसांत येणारी गर्दी बातमीची असते आणि बातमीबरोबर जाते. त्यानंतरचा उतार म्हणजे अपयश नव्हे.

घटमांडणीच्या गर्दीबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. एका दिवसात महिन्याचे वाचक मिळतात म्हणून भाकिताचे मथळे भडक करावेत, असा मोह होतो. आकडा सांगतो की लोक आले. ते का आले, हे आपल्याला जिल्हा ओळखून समजून घ्यावे लागते. सोयाबीन की कापूस, पाऊस मृगात येईल की लांबेल, कर्ज काढावे की थांबावे, ही काळजी घेऊन ते आलेले असतात. घटमांडणीच्या भाकिताला शास्त्रीय आधार नाही. ती परंपरा म्हणून नीट सांगावी आणि त्याच पानावर भारतीय हवामान विभागाचा एप्रिलमधला पावसाचा अंदाज सोप्या मराठीत द्यावा. आलेल्या वाचकाचे देणे असे फेडता येते.

जे वाचक माणसे नसतात

नव्या संकेतस्थळावर पहिले पाहुणे बहुधा यंत्रे असतात. शोधयंत्रांचे बॉट, संकेतस्थळातली भोके शोधणारे प्रोग्रॅम, आणि अलीकडे भाषा-प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणारे. सर्व्हरच्या वहीत ते ठळक दिसतात. काही आपले नाव सांगतात, काही माणसाचे सोंग घेतात. बाईंना मराठी पानावर अमेरिकेतल्या ॲशबर्नहून भेटी दिसल्या, तर तिथे मराठी मंडळ भरले असे समजू नये. व्हर्जिनियातले ते गाव डेटा सेंटरांचे मोठे ठाणे आहे. एकाच सेकंदात दहा पाने उघडणारा वाचक माणूस नसतो.

किती वेळ वाचले?

या आकड्यावर फार वेळ घालवू नये. गूगलच्या जुन्या मोजणीत एकच पान वाचून गेलेल्याचा वेळ शून्य धरला जायचा, त्याने ते अर्धा तास वाचलेले असले तरी. नव्या मोजणीत १० सेकंद थांबलेली भेटही "रस घेतलेली" ठरते. ज्याला एसटीची वेळच हवी होती तो आठ सेकंदांत समाधानाने गेला, तरी तो रस न घेतलेला. आजीला हळू आवाजात वाचून दाखवणारी नात आणि पान उघडे ठेवून विचारात पडलेला माणूस, दोघेही आकड्यांत एकसारखे दिसतात.

विकिपीडिया कसे मोजतो

माणसाला न ओळखता वाचन मोजता येते, याचे उदाहरण मराठीतच आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरचे कुठलेही पान रोज किती वेळा उघडले गेले, हे जुलै २०१५ पासून सर्वांना खुले आहे. लोणार सरोवराचे पान घ्या, जून २०२० निवडा, आणि आलेख स्वतः पाहा. त्यात यंत्रांच्या भेटी वेगळ्या काढलेल्या असतात. वेगवेगळी उपकरणे किती, हेही तिथे मोजतात, पण त्यासाठी प्रत्येक ब्राउझरला ओळखीचा आकडा देत नाहीत. शेवटची भेट कुठल्या दिवशी झाली एवढेच ब्राउझरमध्ये लिहून ठेवतात. कच्च्या नोंदी साधारण ९० दिवसांनी काढून टाकल्या जातात. जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एकाचे एवढ्यावर भागते, तर चिखलीच्या बाईंचेही भागेल.

लहान जिल्ह्यात ओळख लवकर पटते

लाखो वाचकांत एक ओळ हरवून जाते. चाळीस वाचकांत ती हरवत नाही. बाईंनी लेख एकाच माणसाला पाठवला आणि पाच मिनिटांत एक भेट नोंदली गेली, तर तो कोण हे त्यांना कळलेच. मग त्याने आणखी कुठली पाने पाहिली, हेही दिसते. इथे ठसा आणि माणूस जुळतात, आणि इथेच जबाबदारी सुरू होते.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळत असल्याचे पुढे आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तपासाला आले. त्या दिवसांत यावर माहिती देणारे पान कुणी रात्री उघडले असेल, तर त्या वाचकाने नकळत आपली प्रकृती सांगितली. कर्जमाफीचे पान, नैराश्यावरचे पान, आत्महत्येचा विचार मनात आलेल्यासाठी मदतीचे पान यांचेही तसेच. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचे दुःख या जिल्ह्याने वर्षानुवर्षे सोसले आहे. अशा पानांवर जाहिरात कंपन्यांचे माग काढणारे प्रोग्रॅम ठेवणे मला अक्षम्य वाटते. ती नोंद बाईंच्या वहीत राहत नाही. ती कंपनीकडे जाते, आणि त्या वाचकाला पुढे कुठल्या जाहिराती दिसतील ते तिथे ठरते.

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी यांच्या प्रकरणात सांगितले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. गरजेपुरतेच घ्या, कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, काम झाले की काढून टाका, हा त्याचा गाभा. लहान लेखकाने कायद्याची वाट न पाहता हे पाळावे.

तुमचे स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर या आठवड्यात चार कामे करा. शोधशब्दांची यादी उतरवून घ्या आणि तिच्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर लिहा. मॅटोमोसारखे साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि त्यात आयपी पत्त्याचा शेवटचा भाग झाकण्याची सोय आहे. ती सुरू करा. आजार, कर्ज आणि दुःखाच्या पानांवरून जाहिरातींचे प्रोग्रॅम काढा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी साध्या मराठीत दोन ओळी लिहा: इथे काय नोंदले जाते, आणि ते किती दिवस ठेवले जाते.